निधनवार्तेत न मावणारी पेटी

वृत्तपत्रातल्या निधनवार्तेची चौकट ठरलेली असते. नाव, वय, ‘त्या धार्मिक वृत्तीच्या व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या’, आणि मग ‘त्यांच्या पश्चात मुले, सुना, जावई, नातवंडे असा मोठा परिवार आहे’. बुलढाणा, चिखली, खामगाव किंवा मलकापूरच्या ख्रिस्ती मंडळीत तीस-चाळीस वर्षे दर रविवारी पेटी वाजवणारी बाई गेली, तरी तिच्या वाट्याला हीच वाक्ये येतात. त्यात खोटे काही नसते. ती धार्मिक असते, आणि परिवारही मोठा असतो. खटकते ते एवढेच, की धार्मिक वृत्ती हा स्वभाव झाला. पेटी वाजवणे हे काम आहे, शिकून, रियाज करून, शेकडो रविवार चुकत-सुधारत कमावलेले. आपण स्वभावाची नोंद करतो आणि काम सोडून देतो. बाईच्या बाबतीत तर हे इतके सवयीचे झाले आहे, की लिहिणाऱ्याला काही राहून गेले असे वाटतही नाही. माझे म्हणणे असे, की छोट्या गावांतल्या या पेटीवाल्या आजी मराठी संगीताच्या इतिहासातल्या कार्यकर्त्या आहेत, आणि त्यांची नोंद त्याच नात्याने व्हायला हवी.

आधी ही पेटी आली कुठून ते पाहू. बॅप्टिस्ट परंपरेत सगळ्या मंडळीने मिळून गाण्याला मोठे महत्त्व आहे. अमेरिकेतल्या लहान गावांत चर्चची पियानोवादिका, तीच घरातली कर्ती आजी, ही सगळ्यांच्या ओळखीची व्यक्ती असते. मराठीशी बॅप्टिस्टांचा संबंध जुना आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या विल्यम केरीने 1805 मध्ये मराठीचे व्याकरण आणि 1810 मध्ये कोश छापला, तो बॅप्टिस्ट मिशनरीच होता. बुलढाणा जिल्ह्यात मात्र काम उभे राहिले ते ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे. नाव वेगळे असले तरी सज्ञान माणसाने स्वतः विश्वास पत्करून पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा, ही बॅप्टिस्टांची रीत तिथेही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अकोला हे केंद्र धरून हे मिशन वऱ्हाड आणि खानदेशात पसरले. अमेरिकेतल्या चर्चमधला पियानो मात्र वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात टिकणारा नव्हे आणि बैलगाडीत बसणाराही नव्हे. त्याची जागा पायपेटीने आणि पुढे हातपेटीने घेतली.

या बदलाने वाजवणारीचे काम सोपे झाले असे कुणाला वाटेल. झाले उलटेच. पियानोवर दोन्ही हात मोकळे असतात, पायपेटीवरही असतात. हातपेटीवर डावा हात भात्यात अडकतो आणि चार आवाजांची पाश्चात्य रचना एका उजव्या हाताने निभावून न्यावी लागते. शिवाय तिला एका सकाळी दोन वेगळ्या संगीतांत वावरायचे असते. पहिले गीत इंग्रजी चालीवरचे भाषांतर, तिथे चाल स्वरांच्या जुळणीवर उभी. दुसरे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे भजन, तिथे तीच जुळणी आडवी येते आणि गळ्याच्या मागे मागे जाणारी बोटे लागतात. साथीला ढोलकी आणि झांजा असतील तर ठेकाही बदलतो. पट्टी कोणती धरायची हाही दर वेळचा प्रश्न. पुरुषांना सोयीची पट्टी धरली तर बायकांचा आवाज तळाला जातो, बायकांची धरली तर पुरुष गप्प होतात. मधली पट्टी शोधायची, रेंगाळणाऱ्या मंडळीला न दरडावता पुढे ओढायचे, पाळकांचे प्रवचन लांबले तर शेवटचे गीत दोन कडव्यांत आटोपायचे, आणि हे सगळे कुणाच्या लक्षात येऊ न देता. मैफलीतल्या साथीदाराला याच कसबासाठी नावानिशी दाद मिळते.

सेवेची मोजदाद करायची नसते, देवासाठी केलेल्या कामाचा गाजावाजा कशाला, असा आक्षेप पहिल्यांदा मंडळीतूनच येईल, आणि तो मनापासूनचा असेल. उजव्या हाताने केलेले डाव्याला कळू नये, ही शिकवण त्यांच्याच शास्त्रातली. (हातपेटीवर मात्र डाव्याला कळल्याशिवाय उजव्याचे काही चालत नाही, हे सोडून देऊ.) पण या नम्रतेचा हिशेब सगळ्यांना सारखा लागत नाही. पाळकांच्या नेमणुकांच्या तारखा दप्तरात राहतात, कोनशिलेवर पाहुण्यांची नावे कोरली जातात, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत कार्यकारिणीचे फोटो छापले जातात. नम्रतेचा भार पेटीपाशी बसलेल्या बाईवरच का? व्यासपीठावरून बोलण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी पुरुषांकडेच राहिला. काही मंडळ्यांत पेटीही पुरुषच वाजवतात, हे मान्य. पण जिथे ती बाईच्या हाती आली, तिथे उपासनेला वळण देण्याची तिला मिळालेली जागा बहुधा तेवढीच होती.

दुसरा आक्षेप संख्येचा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहून कमी होते, बुलढाण्यात तर फारच थोडे. मग सर्वसाधारण वाचकाने याची दखल का घ्यावी? याचे उत्तर बुलढाण्यानेच एकदा दिले आहे. ताराबाई शिंदे इथल्याच. त्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 मध्ये छापले गेले आणि मग विसरले गेले. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा कुठे महाराष्ट्राला त्याची किंमत कळली. तोवर ताराबाईंच्या आयुष्याचे तपशील फार थोडे उरले होते. पुस्तक निदान छापलेले होते म्हणून सापडले. पेटीवरची बोटे छापली जात नाहीत. गीतांचे शब्द ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत, पण एखादी ओळ कुठे थांबवायची, कोणत्या स्वरावर लांबवायची, हे वऱ्हाडातल्या मंडळीचे स्वतःचे वळण बहुतांशी कानानेच पुढे जाते, आणि तो कान एका माणसाच्या आयुष्याएवढाच टिकतो.

‘हे संगीतच परके’ म्हणणाऱ्यांसाठी फार शाई खर्च करायला नको. हार्मोनियमचे पेटंट 1842 मध्ये पॅरिसमध्ये घेतले गेले. आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके या वाद्याला दारात उभे केले नाही. आज शेगावच्या वाटेवरच्या एखाद्या भजनी मंडळाला पेटी परकी आहे असे सांगून पाहा. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात बसवली आणि अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी त्याआधीच ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आहे.

तिसरे म्हणणे मला अधिक विचार करायला लावते. घरच्यांना आईची ओळख आई म्हणूनच हवी असते. ‘वादक’ म्हटले की कुटुंबाचा धागा तुटतो, असे त्यांना वाटते. इथे लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण पाहावे. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ हे मुळात एका घराचे पुस्तक आहे: नवरा, मुले, सांभाळलेली परकी लेकरे, रिकामे डबे, भरलेली पंगत. तरी याच बाईने 1919 मध्ये पती ना. वा. टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे काव्य ‘ख्रिस्तायन’ साठाहून अधिक अध्याय लिहून पुरे केले. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंना आपण टिळकांच्या पत्नी म्हणून ओळखतो आणि लेखिका म्हणूनही. एका ओळखीने दुसरी कमी झाली नाही. पेटीवाल्या आजीचेही तसेच आहे. तिचा संगीतवर्ग घरातच भरतो. संध्याकाळच्या प्रार्थनेला नातवंडे भोवती बसतात, एखादे भाता ओढायला मागते, एखादीची बोटे आपोआप सूर शोधू लागतात. परिवार मोठा आहे हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे. त्या परिवारात सूर कुणी लावला, हे उरलेले अर्धे.

करायचे ते अवघड नाही. मंडळ्यांनी आपल्या दप्तरात पेटी वाजवणाऱ्यांची नावे आणि वर्षे लिहावीत. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत हा जिल्हा येतो. तिथल्या संगीताच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना एखादा उन्हाळा खामगाव-चिखलीच्या मंडळ्यांत जाऊन चाली ध्वनिमुद्रित करायला लावता येईल, आजच्या मोबाइलवर तेवढे सहज होते. आणि निधनवार्ता घेऊन वृत्तपत्राच्या कार्यालयात येणाऱ्या लेकी-सुनांना एक विनंती. ‘धार्मिक वृत्तीच्या होत्या’ यानंतर एक ओळ वाढवा: त्या कोणत्या मंडळीत, किती वर्षे पेटी वाजवत होत्या. आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी ती ओळ जागेअभावी कापू नये.