कॅसेट भंगारात देण्याआधी

जुन्नर-आंबेगावातल्या कित्येक घरांत नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या, जत्रांच्या व्हिडिओ कॅसेट पडून असतात आणि ‘नव्या टीव्हीला व्हीसीआर जोडताच येत नाही’ म्हणत एक दिवस भंगारात जातात. ही सबब खरी नाही. व्हीसीआरच्या मागचं पिवळं भोक चित्राचं, पांढरं-लाल आवाजाचं. टीव्हीला तशी नसतील तर एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर लावावा. (एचडीएमआय ते एव्ही हा उलटा डबा हुबेहूब तसाच दिसतो, पण इथे निरुपयोगी.) चित्र धूसर दिसेल, कारण व्हीएचएसमध्ये तपशीलच कमी, चौकट ४:३ ठेवली तर निदान नवरदेव आडवा फुगणार नाही. कोणी म्हणेल, सरळ स्टुडिओतून पेन ड्राइव्हवर घ्या की! जरूर घ्या, पण त्यालाही चालू व्हीसीआर लागतोच, आणि जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६मध्ये ते बनवणं थांबवलं. शिवाय जपण्याजोगी कॅसेट कोणती, हे पाहिल्याशिवाय ठरणार कसं? तमाशाची पंढरी म्हणवणारं नारायणगाव याच भागातलं. जत्रेच्या एखाद्या कॅसेटमध्ये जुना फडही सापडू शकतो. फक्त फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, हेड खराब होतं.