गाडी माझी, काटा कुणाचा?

बाइकच्या डॅशबोर्डवरचा इंजिनचा तो छोटा पिवळा दिवा कधीतरी तुमच्याही वाट्याला आला असेल. मग काय, आपण गाडी बंद करून पुन्हा चालू करतो. दिवा गेला तर हुश्श, नाही गेला तर सर्व्हिस सेंटर. तिथला मुलगा केबल लावतो, स्क्रीनकडे बघतो आणि बिलाचा आकडा सांगतो. आत नेमकं काय बिघडलं होतं, ते गाडीला कळलेलं असतं, सर्व्हिस सेंटरला कळलेलं असतं. कळलेलं नसतं ते फक्त मालकाला.

अमेरिकेत या दिव्याला सरळ 'इडियट लाइट' म्हणतात. तिथल्या डिझेल पिकअपवाल्यांनी त्यावर फार पूर्वीच स्वतःचा उपाय शोधला. बाजारातून वेगळे गेज आणायचे आणि गाडीत स्वतः बसवायचे. वरवर हा शौकिनांचा उद्योग वाटतो. पण गेल्या काही वर्षांत याच पिकअपवरून तिथे प्रदूषणाचा कायदा, कंपन्यांचं सॉफ्टवेअर आणि मालकाचा हक्क यांची चांगलीच जुंपली आहे. ती भांडणं समजून घ्यायची तर सुरुवात या काट्यांपासूनच करावी लागते.

तीन काटे कशासाठी?

फोर्ड, रॅम किंवा शेव्हर्लेची मोठी डिझेल पिकअप तिकडे घोड्यांचा ट्रेलर, ट्रॅक्टर, चाकांवरचं अख्खं घर ओढते. कोलोरॅडोत इंटरस्टेट ७० हा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११ हजार फुटांवर चढतो. एवढ्या उंचीवर हवा विरळ. इंजिनात डिझेल तेवढंच, हवा मात्र कमी, त्यामुळे एक्झॉस्टचं तापमान भराभर वाढतं. हे तापमान दाखवणारा गेज म्हणजे पायरोमीटर. १२५० ते १३०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६७५ ते ७०५ अंश सेल्सिअस, ही सलग चालवण्याची वरची हद्द समजली जाते. बहुतेक पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हे लक्षात घेतलं की त्या हद्दीचा अर्थ कळतो. काटा वर सरकताना दिसला की ड्रायव्हर पाय थोडा उचलतो, गिअर खाली घेतो आणि इंजिन वाचतं.

दुसरा गेज बूस्टचा, म्हणजे टर्बो किती दाबाने हवा ढकलतोय ते सांगणारा. एरवी चढावर मिळणारा दाब आज मिळत नसेल, तर पाइप कुठेतरी सुटलाय किंवा टर्बो थकलाय. तिसरा ट्रान्समिशन ऑइलच्या तापमानाचा. ओझं ओढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल तापून करपतं आणि त्याचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

कुठला काटा कुठे?

हे गेज बहुधा समोरची काच आणि ड्रायव्हरचं दार यांच्यामधल्या खांबावर, प्लॅस्टिकच्या पॉडमध्ये बसवतात. त्यांचा क्रम लावताना साधा विचार करावा लागतो. जे झटपट बदलतं ते नजरेच्या जवळ, जे सावकाश बदलतं ते खाली. पायरोमीटर आणि बूस्ट काही सेकंदांत वर जातात, म्हणून वर. ट्रान्समिशनचं तेल तापायला वेळ घेतं, म्हणून ते खाली चालतं. रेसिंगवाल्यांची एक जुनी युक्तीही आहे. गेज असा फिरवून बसवायचा की सगळं ठीक असताना प्रत्येक काटा बाराच्या ठोक्यावर उभा राहील. मग आकडा वाचायची गरजच नाही. एखादा काटा वाकडा दिसला की समजायचं.

बसवण्याचं काम मात्र जपून करावं लागतं. पायरोमीटरचा सेन्सर टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून बसवतात. त्यातला लोखंडाचा कीस टर्बोत गेला तर पात्यांची वाट लागते. सेन्सरच्या वायरला साधी तांब्याची वायर जोडली की आकडा चुकतो, कारण तापमान मोजलं जातं ते दोन वेगळ्या धातूंच्या जोडावरच. डिझेलच्या दाबाचा गेज बसवायचा तर डिझेलची नळी थेट केबिनमध्ये आणायची नाही, इलेक्ट्रिक सेन्सर वापरायचा. आणि ज्या गाडीत खांबाच्या वरून पडदा एअरबॅग उघडते, तिथे पॉड लावण्याआधी दहादा विचार करायचा.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. दोन उदाहरणं बघा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फोर्डच्या अनेक पिकअपमध्ये ऑइल प्रेशरचा काटा होता, पण त्याच्यामागे दाब मोजणारा सेन्सर नव्हता, साधा स्विच होता. दाब किमान पातळीच्या वर असला की काटा मधोमध उभा. म्हणजे गेजच्या वेषातला इडियट लाइटच. दुसरं उदाहरण १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या डॉज रॅमचं. तिच्या कमिन्स इंजिनातल्या महागड्या इंजेक्शन पंपाला थंडावा आणि वंगण दोन्ही डिझेलच पुरवतं. ते डिझेल पुढे ढकलणारा छोटा लिफ्ट पंप मात्र कमकुवत. तो दमला की मोठा पंपही जायचा आणि डॅशबोर्डवर त्याची काहीच खबर नसायची. म्हणून त्या गाडीवाल्यांनी चौथा गेज लावला, डिझेलच्या दाबाचा.

बघणं आणि बदलणं

आता दुसरी बाजू. ज्या दुकानात गेज मिळतो, तिथेच बऱ्याचदा ट्यूनरही मिळतो. गेज फक्त बघतो, ट्यूनर इंजिनचं सॉफ्टवेअर बदलतो. ताकद वाढवायची, जमलं तर धूर गाळणारा फिल्टरच काढून टाकायचा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०२० मध्ये अंदाज मांडला की दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण नियंत्रण यंत्रणा अशी काढून टाकली गेली. अशा गाड्यांपैकी जवळपास १५ टक्के. त्यातून निघणारे जादा नायट्रोजन ऑक्साइड म्हणजे रस्त्यावर ९० लाख नव्या पिकअप उतरवण्यासारखं. 'गाडी माझी, मी काहीही करीन' हा युक्तिवाद इथे संपतो. गाडी तुमची असेल, पण मागून येणारा धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातो.

पण दोष फक्त मालकांचा म्हणावा, तर कमिन्सचं प्रकरण समोर येतं. पुण्यात हे नाव कर्वेनगरच्या कॉलेजमुळे घरोघरी माहीत आहे. या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरायला संमती दिली. अमेरिकेच्या हवा शुद्धता कायद्याखालचा हा तोवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड. २०१३ ते २०१९ च्या मॉडेलच्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअपच्या इंजिनांत प्रदूषण नियंत्रणाला बगल देणारं सॉफ्टवेअर होतं, असा सरकारचा आरोप होता. कंपनीने चूक कबूल केली नाही. पण विचार करा, या लाखो मालकांपैकी एकालाही डॅशबोर्डवर त्याचा पत्ता लागला असता का? मालकाने छेडछाड केली तर गुन्हा, आणि कारखान्यातूनच काही भलतं आलं तर ते बघायला काटाच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएने आणखी एक पाऊल उचललं. नव्या डिझेल गाड्यांत प्रदूषण कमी करणारा डीईएफ नावाचा द्रव लागतो. तो संपला किंवा त्याचा सेन्सर बिघडला की सॉफ्टवेअर गाडीची ताकदच काढून घेतं. काही गाड्यांचा वेग ताशी ५ मैलांपर्यंत उतरतो. ऐन हंगामात, रानात ही वेळ आली की शेतकरी हतबल. म्हणून ईपीएने कंपन्यांना सॉफ्टवेअर सुधारायला सांगितलं, आणि २०२७ च्या मॉडेलपासून रस्त्यावरच्या नव्या डिझेल ट्रकची ताकद अशी अचानक जाता कामा नये, असंही बजावलं. शेतकऱ्यांना दिलासा मिळाला, हे खरं. पण डीईएफ खरंच संपलंय की सेन्सर खोटं बोलतोय, हे मालकाला स्वतः तपासता येईल का, हा मूळ प्रश्न तसाच उरतो.

आपल्याकडे काय?

एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आलं. डिझेल गाड्यांना फिल्टर आले, अनेकींना डीईएफही आलं. सोबत तोच पिवळा दिवाही आला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेतीची अवजारं यांच्याबरोबर गाड्याही आहेत. डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. चर्चा बहुतेक सुट्या भागांची आणि वॉरंटीची होते. त्या यादीत आणखी एक मागणी हवी: गाडीचा कॉम्प्युटर जे जे मोजतो, ते मालकाला वाचता आलं पाहिजे. सगळं बदलण्याची मुभा नको, कारण हवा सगळ्यांची आहे. पण बघण्याची मुभा हवी, कारण हप्ते आपण भरतो.

पुढच्या सर्व्हिसिंगला एक करून बघा. केबल लावलेल्या मुलाला म्हणा, "दादा, स्क्रीन जरा इकडे फिरव ना." तो काय उत्तर देतो, त्यावरून कळेल गाडी कुणाची आहे ते.