पबशिवाय पब क्विझ

पुण्यात कुणी गाव विचारलं की मी "पिपरी" म्हणतो, आणि समोरचा लगेच दुरुस्त करतो, "पिंपरी! मग काय, ऑफिस जवळच की." नाही हो. पिंपरी नाही, पिपरी. पिपरी मेघे. वर्धा शहराला चिकटून असलेलं, सावंगी मेघे आणि सिंदी मेघेच्या शेजारचं. गेली दहा-बारा वर्षं मी हा अनुस्वार खोडतोय. (लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.)

तर झालं असं, की मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. फराळाला बसल्यावर आईने विचारलं, संध्याकाळी ऑफिसनंतर काय करतोस? म्हटलं, गुरुवारी मित्रांबरोबर पब क्विझला जातो. टेबलावर चौघं बसायचं, एकजण प्रश्न विचारतो, आपण कागदावर उत्तरं लिहायची.

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "दारूच्या दुकानात बसून कायची परीक्षा देतं रे तू?"

आता यावर काय बोलणार! वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. बंदी किती खरी आणि किती कागदावरची, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण उघड पाटी लावलेला पब काही पिपरीत सापडायचा नाही. आईच्या वाक्यातला मला खरा टोचलेला शब्द मात्र 'दारू' नव्हता, 'परीक्षा' होता.

थोडा इतिहास. पब क्विझ फोफावली ती १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये, आणि हेतू अगदी दुकानदारीचा होता. आठवड्यातल्या मंद रात्री गिऱ्हाईक टेबलावर टिकवायचं. आपल्याकडचा क्विझचा छंद मात्र पबमधून आलेला नाही. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कलकत्त्यात पहिली खुली क्विझ घेतली ती चर्चच्या हॉलमध्ये. बंगलोरला कर्नाटक क्विझ असोसिएशन १९८३ मध्ये सुरू झाली. मग दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम', आणि २००० साली 'कौन बनेगा करोडपती', ज्याने सगळ्या देशाला 'लॉक किया जाए' म्हणायला शिकवलं. म्हणजे पब हा या खेळाला नंतर चिकटलेला प्लग-इन आहे. काढला तरी प्रोग्रॅम चालतो.

आता माझी कबुली. पहिल्या गुरुवारी मी पूर्ण संध्याकाळ तोंड उघडलं ते फक्त मसाला पापडासाठी. प्रश्न अमेरिकन मालिकांचे, इंग्लिश फुटबॉलचे, कुठल्याशा बँडच्या तिसऱ्या अल्बमचे. मी मराठी माध्यमाचा. आमच्या लहानपणी बँड फक्त वरातीत. वाटलं, आपण ढ आहोत, हे काही आपलं काम नाही. मग कधीतरी तिसऱ्या-चौथ्या खेपेला प्रश्न आला: "भारतातल्या बाजारात १७० किलो हे कशाचं माप?" टेबलावर शांतता. मी म्हणालो, "कापसाची गाठ." त्यात काय एवढं? आमच्या जिल्ह्यात वाढलेल्या पोराला जिनिंगच्या गाठी माहीत नसतील तर कुणाला? पण बाकीच्या तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सर्व्हर डाऊन असताना प्रॉडक्शन वाचवलंय :-)

त्या दिवशी हा खेळ मला कळला. एकट्याला सगळं यायची गरजच नसते. चार जण चार वेगवेगळ्या घरांतून आलेले असले की झालं.

तर परत पिपरीला. आईला दाखवून द्यायचं म्हणून (आणि सुट्टीत दुसरं काम नव्हतं म्हणून) भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीवर क्विझ ठेवली. शाळेतले नऊ मित्र, तीन टीम, तर्री-पोहे, चहा. एक मित्र मात्र येईना. तो सहा वर्षं एमपीएससी करतोय. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन आलेला. फोनवर म्हणाला, "दिवसभर तेच त करून राह्यलो न बे. सुट्टीतबी तेच करू काय?"

मला उत्तर सुचेना. आमच्यासाठी जनरल नॉलेज ही गुरुवार संध्याकाळची मजा. त्याच्यासाठी ते नोकरी, लग्न, वडिलांचा चेहरा, सगळं काही. पन्नास पुस्तकांतलं पाठ आहे त्याला, पण त्यातल्या एकाही गोष्टीवर 'अरे वा!' म्हणायला कुणी वेळ दिला नाही. शेवटी पोह्यांच्या आमिषाने आला, आणि कोपऱ्यात बसला.

मी प्रश्न टाकला: "१९४० साली आपल्या जवळच्या एका गावाचं नाव बदललं. जुनं नाव काय होतं आणि का बदललं?"

"सेगाव. सेवाग्राम झालं," तो अर्ध्या सेकंदात म्हणाला. आवाजात काहीच नाही, गोळा काळा केल्यासारखा.

"बरोबर. पण का बदललं?"

आता तो थांबला. पर्याय नव्हते ना! "सेवा करायचं गाव म्हणून," कुणीतरी म्हणालं. अर्धं बरोबर, म्हटलं, पण एक व्यवहारी कारणही आहे. दोन मिनिटं डोकी खाजवणं चाललं. त्याच्या टीममधल्या दुसऱ्याचं मोबाइलचं दुकान आहे. तो एकदम ओरडला, "अबे, पार्सल! माह्या दुकानाचं पार्सल नेहमी पिपरीऐवजी पिंपरीले जाते!"

आणि आमच्या एमपीएससीवाल्याने मांडीवर थाप मारली. "शेगाव! गजानन महाराजांचं शेगाव! एकाच रेल्वे लाइनवर आहे न बे!"

बरोबर. गांधीजींच्या नावाची पत्रं सेगावऐवजी बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जायची. एका अक्षराच्या फरकाने. गांधीजी तिथे राहायला आले १९३६ मध्ये, आणि चार वर्षांत गावाचं नाव बदललं. नऊ जण वर्ध्यात वाढलेले, सेवाग्रामला सहली गेलेल्या, आणि हे 'का' आमच्यापैकी कुणीच कधी विचारलं नव्हतं.

माझा मुद्दा एवढाच आहे. माहिती तीच. परीक्षेत ती गाळणी होते, कुणाला बाहेर काढायचं ते ठरवायला. परीक्षेचीही अडचण आहे म्हणा, जागा शेकड्यात आणि पोरं लाखांत, चाळणी लागणारच. पण गच्चीवर तीच माहिती चार जणांना एका सतरंजीवर बसवते. फरक प्रश्न काढणाऱ्याच्या हातात असतो. म्हणून माझ्यासारख्या हौशी क्विझमास्तरांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात:

१. फक्त आठवणीवर सुटणारा प्रश्न टाकू नका. विचार करून पोचता येईल असा टाका.

२. उत्तर कळल्यावर हरलेल्या टीमनेही 'अर्रर्र!' म्हटलं पाहिजे. 'बरं मग?' म्हटलं तर प्रश्न वाया.

३. टेबलावरच्या प्रत्येकाच्या गावाला, भाषेला, धंद्याला एक तरी प्रश्न मिळू द्या. पुण्यातल्या पबमध्ये सुद्धा.

कुणी म्हणेल, आता उत्तर खिशातल्या फोनमध्ये असतं, मग हा खटाटोप कशाला? म्हणूनच तर! उत्तर फुकट झालंय, आता मजा पोचण्यातच उरली आहे. फोन उलटा ठेवून चार जणांनी दोन मिनिटं एकाच गोष्टीचा विचार करायचा, हे ऑफिसच्या मीटिंगमध्ये तरी होतं का?

त्या रात्री मित्राची टीम दुसरी आली. जाताना त्याने काही भावनिक वगैरे म्हटलं नाही. म्हणाला, "पुढच्या वेळी प्रश्न मी काढतो. तुह्ये लई सोपे होते." परवा त्याचा मेसेज आला, चाळीस प्रश्न तयार आहेत आणि पर्याय एकालाही नाहीत. परीक्षेचा निकाल अजून यायचाय.

असो. जाता जाता एक प्रश्न तुम्हाला. सेवाग्राम आश्रमात एक लाकडी चिमटा आणि एक पिंजरा ठेवलेला आहे. आजूबाजूला शेतं, मातीची घरं, पावसाळा, आणि कुठल्याही जिवाला मारायचं नाही असा नियम. हे सामान कशासाठी?

फोन उलटा ठेवा. शेजारच्याला विचारा.