जातं नको, पण कोंडा हवा

सकाळी आठ वाजता वस्तीतल्या कुठल्याही किराणा दुकानासमोर थोडा वेळ उभं राहा. टोस्टची पुडी, खारी, दोन-चार पाव, बिस्किटाचा पुडा, असा माल भराभर खपत असतो. शाळेत निघालेल्या मुलाचा हाच नाश्ता आणि धुण्याभांड्याला निघालेल्या आईचाही हाच, सोबत कपभर गोड चहा. रेशनचा गहू मात्र घरात पिंपात पडून राहतो, नाहीतर स्वस्तात विकला जातो. वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करताना आम्हाला एकाच घरात दोन्ही गोष्टी दिसतात. पिंपात गहू आहे आणि अंगात रक्त कमी आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत. पण रोजच्या खाण्यातून निघून गेलेलं धान्याचं सत्त्व हे त्यातलं आपल्या हातातलं कारण आहे.

गव्हाच्या दाण्याला वरून कोंडा असतो, टोकाशी अंकुर असतो आणि आत पांढरा पिठूळ गाभा असतो. लोह, जस्त, ब गटातली जीवनसत्त्वं आणि चोथा मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात. मैदा करताना नेमके हेच दोन भाग काढून टाकतात. अंकुरातल्या तेलामुळे पीठ खवट होतं आणि बाजाराला महिनोन्‌महिने टिकणारं पीठ लागतं. म्हणजे सोय विकणाऱ्याची आणि अशक्तपणा आपल्या वाट्याला. ‘ब्राऊन’ पावाच्या रंगालाही भुलू नका. पाकिटावरच्या यादीत जे पहिलं लिहिलेलं असतं, तेच आत सर्वांत जास्त असतं.

यावर काहीजण सांगतात, ‘पुन्हा जातं आणा, जुनं ते सोनं.’ आम्हाला हे मान्य नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे उठून दळायच्या आणि मग दिवसभर मजुरीला जायच्या. त्याच जात्यावर त्यांनी बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या, याचा आपल्याला अभिमान आहे. पण अभिमान ओव्यांचा आहे, त्या कष्टांचा नाही. विजेच्या चक्कीने बाईचे हात मोकळे केले, ते मोकळेच राहावेत.

दुसरी एक अडचण मनातली आहे. भाकरी म्हणजे गरिबी, पाव म्हणजे सुधारणा, असं अनेक घरांत वाटतं. त्यामागे इतिहास आहे. गावकीची कामं करून दारोदार शिळी भाकरी मागावी लागली, ती आठवण अजून जळते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टं सोडायला सांगितलं आणि आपल्या माणसांनी ते सोडलं. पण सोडायची होती ती लाचारी. स्वतःच्या पैशाने घेतलेली ज्वारी-बाजरी आणि हक्काने मिळालेला गहू यांत कमीपणा कसला?

म्हणून आमचं सांगणं साधं आहे. रेशनचा गहू विकू नका, निवडून चक्कीवर न्या. पाच किलो गव्हात अर्धा किलो हरभरा किंवा नाचणी घाला. पीठ जाडसर दळून घ्या आणि चाळून कोंडा फेकू नका. एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतंच दळा, म्हणजे खवट होणार नाही. चक्कीला नुकतीच टाकी लावली असेल, तर त्या दिवशी दळण देऊ नका, पिठात कच येते. कोंड्यातलं लोह अंगी सहज लागत नाही, म्हणून जेवताना लिंबू पिळा किंवा पेरू, आवळा खा. चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. ज्यांना लोहाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी त्या बंद करू नयेत. भाकरी औषधाची जागा घेत नाही. आणि दळणाचा डबा दर वेळी बाईच्याच डोक्यावर का? नवऱ्याने, मुलाने उचलावा.

मात्र सगळा भार घरावर टाकून चालणार नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचाही समावेश आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. मग आपल्या दुकानात ज्वारी, बाजरी, नाचणी नियमित का नसावी? हे एकट्याने विचारलं तर दुकानदार हात झटकतो. पन्नास रेशनकार्डांच्या सह्यांचा अर्ज पुरवठा अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला, तर त्याची पोच द्यावी लागते.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्या. अर्ज तिथेच लिहा, सह्या तिथेच घ्या. बचत गटाची ताकद असेल, तर वस्तीत गटाची स्वतःची चक्की टाकण्याचाही विचार करा. दळण स्वस्त पडेल आणि चार बायांना कामही मिळेल.