निकालाचा ताप किती उतरवायचा?

अमेरिकेत ५ नोव्हेंबर २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना ३१२, तर कमला हॅरिस यांना २२६ प्रतिनिधी-मते मिळाली. आकडा एकतर्फी दिसतो; पण हॅरिस यांना मत देणारेही साधारण साडेसात कोटी होते. निकालानंतर त्यांच्यातल्या अनेकांनी बातम्या पाहणेच सोडले. एमएसएनबीसी ही त्यांच्या बाजूला झुकलेली वृत्तवाहिनी, तिचे प्रेक्षक काही दिवसांतच झपाट्याने घटले.

ही नुसती रुसवाफुगवी नव्हे. मतदानाआधी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने केलेल्या पाहणीत ६९ टक्के प्रौढांनी ही निवडणूक मोठ्या ताणाचे कारण असल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५२ टक्के होते. असा ताण शरीरातही उतरतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या नोंदींनुसार, २०१६ च्या निवडणुकीनंतरच्या दोन दिवसांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा कारणांनी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण आदल्या आठवड्यातील त्याच दोन दिवसांच्या १.६२ पट होते. अभ्यास एकाच भागातला आहे आणि रुग्णांनी मत कोणाला दिले हे त्यात कळत नाही. तरीही, अशा दिवसांत छातीत दुखले तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नये, एवढे त्यातून नक्की घ्यावे.

सुदैवाने मन आपल्या अंदाजापेक्षा लवकर सावरते. १९९४ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत जॉर्ज बुश (धाकटे) यांनी ॲन रिचर्ड्स यांना हरवले. रिचर्ड्स यांच्या मतदारांनी ‘हरलो तर फार दुःखी होऊ’ असे आधी सांगितले होते. महिन्याभराने विचारले, तेव्हा ते त्या अंदाजाइतके दुःखी नव्हते. त्यामुळे पहिल्या काही रात्री झोप उडाली, जेवण गोड लागले नाही, तर लगेच आजाराचे नाव देण्याची गरज नाही. दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, कामातला रस परत आला नाही, तर मात्र डॉक्टरांना भेटावे.

खरा पेच यापुढे आहे. टोरोंटो विद्यापीठातील ब्रेट फोर्ड, मॅथ्यू फाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांच्या रोजच्या राजकीय भावना टिपल्या. ज्यांनी लक्ष दुसरीकडे वळवून किंवा घटनेकडे वेगळ्या नजरेने पाहून मन शांत केले, त्यांना बरे वाटले. पण राजकारणात काही करण्याची त्यांची इच्छाही कमी झाली. म्हणजे उतारा लागू पडतो आणि त्याचा दुष्परिणामही त्यातच असतो. ‘बातम्या बंद करा, योग करा’ हा सल्ला अपुरा पडतो तो इथे. थोडी अस्वस्थता शिल्लक ठेवावी लागते. दिवसातून एकदा, ठरावीक वेळी बातम्या वाचणे आणि रात्री अंथरुणात फोन न उघडणे, एवढी मात्रा बहुतेकांना पुरते.

उरलेल्या अस्वस्थतेला काम द्यावे लागते. २०१४ च्या मध्यावधी निवडणुकीत जेमतेम ३७ टक्के पात्र मतदारांनी मतदान केले होते. २०१६ च्या धक्क्यानंतर, २०१८ मध्ये, ते जवळपास ५० टक्क्यांवर गेले. मध्यावधीसाठी शंभर वर्षांतला हा उच्चांक. अर्थात, दोन्ही बाजूंचे मतदार बाहेर पडले होते.

न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये एच-१बी व्हिसावर असलेल्या मराठी कुटुंबांची अडचण आणखी वेगळी. निकालाचा परिणाम थेट त्यांच्या घरावर आणि हाती मत नाही. मात्र मुलांच्या शाळेचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक मंडळाच्या बैठका खुल्या असतात आणि बहुतेक ठिकाणी तिथे रहिवाशांना बोलता येते. ज्यांना मत आहे त्यांनी आपली नोंदणी आताच तपासून घ्यावी. प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांसाठी ३ नोव्हेंबर २०२६ रोजी पुन्हा मतदान आहे.