बिनवायरची ग्लू गन

अहिल्यानगर जिल्ह्यांतील शाळांत विज्ञानप्रदर्शनाचे दिवस जवळ आले कीं विद्यार्थ्यांच्या हातीं ग्लू गन दिसूं लागते. तिचा बॅटरीवर चालणारा प्रकारही आतां मिळतो. प्लग फळ्याजवळ आणि मोडलेली वस्तु मागच्या भिंतीवर, अशा आपल्या वर्गांत तो सोयीचा आहे, हें आम्हांस मान्य आहे.

घेतांना मात्र रूपावर भुलूं नये. शाळेंत ड्रिल असल्यास त्याचीच बॅटरी जिला चालेल ती गन घ्यावी. कांडी ७ मिलिमीटरची लागते कीं ११ ची, हेंही पाहावें.

खरा वाद कामाचा आहे. नकाशाची सुटलेली पट्टी, पुठ्ठ्याचें घर, हीं तिचीं कामें. बाकाचा निखळलेला पाय तिच्यावर सोंपविणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. सुताराचा सरसही ऊनच लावतात. परंतु तो पातळ असल्यानें लांकडाच्या रंध्रांत शिरतो, आणि सांधा रात्रभर आवळून ठेवतात. गनचा रस दाट. तो वरवर बसतो आणि मिनिटभरांत गोठतो. शिवाय उष्णतेनें तो पुन्हां मऊ पडतो. नगरकडे मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो. पत्रा तर त्याहूनही तापतो. त्या पत्र्याखालीं बाकावर बसावयाचें तें आठवीच्या मुलानें!

लहानांच्या हातीं कमी तापणारी गनच द्यावी. तिचाही रस सुमारें १२० अंश, म्हणजे उकळत्या पाण्याहून ऊन असतो, आणि कातडीस चिकटतो. वायर नाहीं म्हणून तोंड गार असेल असें कोणी समजूं नये. भाजल्यास रस ओरबाडूं नये. हात आधीं गार पाण्याखालीं धरावा.