बापूंची दुसरी खेळी

आज ४ एप्रिल. रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजे क्रिकेटवेड्यांचे बापू, १९३३ साली याच दिवशी नाशिकमध्ये जन्मले. त्यांचे नाव निघाले की सलग २१ निर्धाव षटके आठवतात. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास कसोटीत इंग्लंडच्या बोलस आणि बॅरिंग्टन यांना बापूंनी ओळीने १३१ चेंडू एका धावेसाठी तरसवले. त्या डावातले त्यांचे पृथक्करण होते ३२-२७-५-०. बळी एकही नाही. तरीही २१ षटकांचा तो विक्रम आजवर अबाधित आहे.

सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवायचे आणि चेंडू नेमका त्यावर पाडायचा, हा बापूंचा रियाज होता. टप्पा हुकला की पुन्हा टाकायचा. डावखुऱ्या फिरकीची ती अचूकता या घोटवणीतून आली. पण धावा रोखणे एवढेच त्यांचे कर्तृत्व नव्हे. त्याच मालिकेत कानपूरला पहिल्या डावात नाबाद ५२ आणि फॉलोऑननंतर नाबाद १२२ धावा करून त्यांनी कसोटी वाचवली. त्याच वर्षी मद्रासलाच त्यांनी ऑस्ट्रेलियाचे ११ गडी टिपले. ४१ कसोटींत १,४१४ धावा आणि ८८ बळी, ही कोणत्याही अष्टपैलू खेळाडूने अभिमानाने मिरवावी अशी कमाई आहे.

मात्र आज आम्हाला आवर्जून बोलायचे आहे ते बापूंच्या दुसऱ्या खेळीविषयी. खेळणे थांबल्यावर ते निवड समितीवर आले, क्रिकेटच्या कारभारात रमले आणि भारतीय संघाबरोबर सहायक व्यवस्थापक म्हणून परदेशी गेले. १९८०-८१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मेलबर्नला सुनील गावसकर पायचीतच्या निर्णयावर संतापले आणि साथीदार चेतन चौहान यांना घेऊन तंबूकडे निघाले. चौहान सीमारेषेबाहेर पडते, तर सामना सोडून दिल्यासारखेच झाले असते. व्यवस्थापक शाहिद दुराणी आणि बापू सीमारेषेपाशी आले. चौहान परतले, खेळ पुढे चालू राहिला. पुढे १४३ धावांचा पाठलाग करणाऱ्या ऑस्ट्रेलियाला कपिल देव यांनी ८३ धावांत गुंडाळले. सामना भारताने जिंकला, मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली. धावफलकावर दुराणींचे नाव नाही, बापूंचेही नाही.

१७ जानेवारी २०२० रोजी बापू गेले, तेव्हा गावसकरांनी त्यांच्या तोंडच्या आवडत्या शब्दांची आठवण सांगितली : ‘छोडो मत’. पुरेशी संरक्षक साधने नसण्याच्या काळात अंगावर चेंडू झेलत खेळलेल्या माणसाने हे म्हटले की तरुण खेळाडू ऐकतो. अनुभवाचे हे वजन सगळ्याच खेळांत मानले जाते. बेल्जियमचे रॉजर डी कॉस्टर ५०० सीसी मोटोक्रॉसमध्ये पाच वेळा जगज्जेते झाले. निवृत्तीनंतर त्यांनी अमेरिकेच्या संघाची सूत्रे घेतली आणि १९८१ मध्ये मोटोक्रॉस दे नेशन्स ही स्पर्धा अमेरिकेला प्रथमच जिंकून दिली. स्वतः चिखलात पडून उठलेल्यालाच दुसऱ्याला कधी आणि कसे उठवायचे ते कळते.

आपल्याकडे मात्र संघाचा व्यवस्थापक म्हणजे प्रवासाची तिकिटे आणि भत्त्याचा हिशेब पाहणारा माणूस, अशी समजूत अजून पुरती गेलेली नाही. ते पद पुष्कळदा मर्जीतल्या माणसाला बक्षिसासारखे दिले जाते, आणि ज्याने मैदानावर उमेदीची वर्षे घालवली तो माजी खेळाडू प्रेक्षकांत बसून राहतो. यात नुकसान त्याचे कमी, नव्या मुलांचे अधिक.

नाशिकच्या मातीने कविता राऊत, दत्तू भोकनळ यांच्यासारखे खेळाडू देशाला दिले. पुढची पिढी घडवायची असेल, तर जिल्ह्यातील क्रीडा संघटनांनी, शाळांनी आणि क्लबांनी माजी खेळाडूंना सत्काराच्या शालीपुरते न बोलावता संघाची जबाबदारी द्यावी. बापूंच्या जयंतीला त्यांच्या जन्मगावाने एवढा निर्धार तरी करावा.